पूर्वीसारखी मजा राहिली नाही

माणसाचं वय जन्मतारखेवरून ठरतं अशी आमच्या बँकेची समजूत आहे. माझी तशी नाही. माणूस ज्या दिवशी ‘पूर्वीसारखी मजा राहिली नाही’ असं पहिल्यांदा म्हणतो, त्या दिवशी त्याला चाळिशी लागते. चष्मा मागाहून येतो. हे वाक्य कशालाही चालतं. आंबे, पाऊस, दिवाळी अंक, जावई, बसची सीट, बँकेतली नोकरी, काहीही घ्या. आमच्या बुलढाण्यात तर ते हवेलाही लावतात. विदर्भातलं थंड हवेचं गाव म्हणून आमचा लौकिक, आणि इथला म्हातारा एप्रिलमध्ये पंचाने वारा घेत पहिलं वाक्य बोलतो ते हेच : ‘पूर्वीसारखी हवा राहिली नाही.’

मी हे वाक्य पहिल्यांदा कधी म्हटलं ते आठवत नाही, पण पकडला कधी गेलो ते चांगलं आठवतं. रात्रीची जेवणं झाली होती. टीव्हीवर ‘चला हवा येऊ द्या’ चालू होतं, म्हणजे २०२५ साली नव्याने सुरू झालेलं. एक गडी साडी नेसून आला, पदर दातात धरून लाजला, प्रेक्षक हसले आणि मी सुपारी कातरता कातरता म्हणालो, “छे! पूर्वीसारखी मजा राहिली नाही.”

“पूर्वी म्हणजे कधी?” आमची कन्या म्हणाली. ती दहावीला आहे. त्या वयात मुलं आईबापांना शत्रुपक्षाच्या वकिलासारखी प्रश्न विचारतात.

“पूर्वी म्हणजे... पूर्वी.”

“तारीख सांगा ना.”

आता वाचकहो, मी पडलो बी.कॉम. बिनतारखेचा चेक मी गेली अठरा वर्षं काऊंटरवरून परत करत आलो आहे. तेव्हा माझं स्वतःचं वाक्य बिनतारखेचं निघावं ही गोष्ट मनाला लागली. रात्रभर झोप नाही. सकाळी उठून वहीत दोन रकाने आखले, एकात ‘मजा होती’ आणि दुसऱ्यात ‘मजा राहिली नाही’, आणि तारखा भरायला बसलो.

‘चला हवा येऊ द्या’ झी मराठीवर सुरू झालं ऑगस्ट २०१४ मध्ये आणि बंद झालं मार्च २०२४ मध्ये. साडेनऊ वर्षं. आठवड्याला दोन भाग धरले आणि वर्षाचे बावन्न आठवडे, तर ९८८ होतात. त्यातून कोरोनाची वजावट करा, अधूनमधून वाढवलेले दिवस मिळवा, गोळाबेरीज काय ती हजाराच्या आसपास जाईल. हजार वेळा माणसांना हसवायचं! मी बँकेत हजार व्हाउचर लिहिली तर त्यातली पन्नास चुकतात, आणि व्हाउचरला हसण्याची अट नसते. निलेश साबळे, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, सागर कारंडे, भारत गणेशपुरे ही मंडळी सोमवार-मंगळवार रात्री साडेनऊला आमच्या घरात इतकी नियमाने यायची, की मंगळवारी पाहुणे आले तर आम्हाला घरात गर्दी झाल्यासारखं वाटे.

कॉलेजात आम्हाला घसारा शिकवला होता. घसारा म्हणजे वस्तू वापरून वापरून तिची किंमत दरवर्षी कमी धरायची. त्याच्या दोन पद्धती. पहिली सरळ रेषेची. दरवर्षी ठरलेली रक्कम वजा करायची आणि एक दिवस यंत्र शून्यावर येतं. दुसरी घटत्या शिलकेची. उरलेल्या किमतीवर टक्के लावायचे, म्हणजे किंमत कमी-कमी होत जाते पण शून्य कधीच होत नाही. मला वाटलं, विनोदाला कोणती पद्धत लागू पडते एवढं ठरलं, की कन्येला उत्तर देता येईल. विनोद यंत्रासारखा झिजत असेल तर पहिली. आमच्या आबांसारखा झिजत असेल तर दुसरी.

आबा म्हणजे माझे वडील, वय पंच्याहत्तर. हे घाटाखालचे. बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की आमच्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा घाटाखालचा. तिथे ‘मले-तुले’ची शुद्ध वऱ्हाडी. बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा हा घाटावरचा. तिथली बोली मराठवाड्याकडे कललेली. आमचं कुटुंब देऊळगाव राजाकडचं. त्यामुळे आमच्या घरात ‘काहून’ आणि ‘कामून’ या दोन पक्षांचं संयुक्त सरकार आहे आणि मी दोघांचाही विश्वासघातकी, कारण मी बँकेत लागल्यापासून ‘का बरं’ म्हणतो.

तर आबांपुढे वही ठेवली. ते म्हणाले, “तुले त्या टीव्हीत कधी मजा वाटली तेच मले समजत नाही. एका भरत गणेशपुऱ्याले सोडून दे.” (आबा त्याला भरतच म्हणतात. घरचा माणूस असला की नाव थोडं चुकवण्याचा हक्क असतो.)

गणेशपुरे आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. ते पडद्यावर येऊन आमच्यासारखं बोलले त्या रात्री आबा खुर्चीत पुढे सरकून बसले होते आणि दर दोन मिनिटांनी आम्हाला सांगत होते, “हा आपल्याकडचा हाय.” त्याआधी टीव्हीवर वऱ्हाडी बोलणारा दिसायचा तो बहुधा घरगडी. मी पुण्याला ट्रेनिंगला गेलो होतो तेव्हा चुकून ‘मले’ म्हणालो, तर बत्तीस जणांचा वर्ग हसला होता. मला वाटलं मी विनोद केला. पुढचे सहा दिवस मी ‘मला’ म्हणत राहिलो आणि कोणी हसलं नाही. मग ‘हवा’ आलं, आणि हेड ऑफिसातले साहेब फोनवर सांगू लागले, “जरा ते तुमचं वऱ्हाडी बोला ना!” तेच ‘मले’. आधी त्यावर हसत होते, आता त्याला हसत होते. किंवा उलट असेल. हिशेब मला अजून लागलेला नाही.

“मंग खरी मजा कशात होती?” मी आबांना विचारलं.

“बतावणीत,” आबा म्हणाले. “जत्रेतला तमाशा. रातच्याले सुरू झाला का दिवस उगेलोग.”

तमाशाचा क्रम पूर्वीपासून ठरलेला. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, मग वग. बतावणी म्हणजे दोन माणसांचा खटका. एक सरळ बोलतो, दुसरा त्याचा शब्द पकडून वाकडा करतो. ना पडदा, ना नेपथ्य, ना लिहिलेली संहिता. ज्या गावी फड उतरला त्या गावचा पाटील, त्या गावचा रस्ता, त्या गावची विहीर, हे सगळं सोंगाड्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसून गोळा करायचा आणि रात्री त्याच गावाला परत करायचा, व्याजासकट. आमच्या भाषेत सांगायचं तर मुदत ठेव नव्हे, चालू खातं. आजचं आज.

आणि गवळणीत मावशी. लुगडं नेसलेला पुरुष. मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची ही म्होरकी. वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे होतात आणि म्हणतात, दाण द्या. दाण म्हणजे जकात. मग मावशी कृष्णाची जी उलटतपासणी घेते, तशी आमच्याकडे इन्कमटॅक्सवाल्याची घ्यायची कोणाची छाती नाही. तू कोण, तुझा बाप कोण, कोणाच्या हुकुमाने वसुली करतोस? पुढे मावशी लाजते, मुरडते, ते आहेच. पण ऐकणारा शेतकरी हसायचा तो या प्रश्नांना, कारण जकात त्यानेही भरलेली असायची.

आणि किती जणांना भरलेली! आमचं वऱ्हाड आधी निजामाचं. १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं. १९०३ साली मध्यप्रांताला जोडलं. स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. घाटाखालचा म्हातारा आपल्या बाजेवरून न उठता इतकी सरकारं फिरून आला. खाली राज्यं बदलत होती आणि वर मावशी विचारत होती, ‘तू कोण आणि तुले काहून द्यायचं?’ प्रश्न जुना होत नव्हता, कारण वसूल करणारा दरवेळी नवा होता.

“मग तुमच्या वेळी लोक म्हणत नव्हते का, मजा राहिली नाही म्हणून?” मी विचारलं.

आबा जरा थांबले. “मायं सोड. आमचा बाप म्हने, बाप्पा, हे काय बतावनी हाय का! आमच्या वक्ताले पाह्यजे होते तुम्ही.”

झालं! माझा रकाना आणखी एक पिढी मागे सरकला. आजोबांचे वडील हयात असते तर त्यांनी आणखी मागे सरकवला असता, आणि आम्ही मावशीचं बोट धरून थेट खऱ्या मथुरेत पोचलो असतो. तिथेही एखादा म्हातारा गवळी बसलेला असणारच.

(हे दुखणं आपल्यापुरतंच नाही. माझ्या मेहुणीचा मुलगा न्यू जर्सीला असतो. तो सांगत होता की अमेरिकेत ‘सॅटर्डे नाईट लाईव्ह’ नावाचा प्रकार ऑक्टोबर १९७५ पासून शनिवारी रात्री चालू आहे. थेट प्रक्षेपण, आठवड्याच्या बातम्यांची टिंगल, दरवेळी एक पाहुणा. २०२५ साली त्यांनी पन्नाशी साजरी केली. आणि तिथला प्रत्येक माणूस म्हणतो की आता त्यात राम उरला नाही, खरी मजा आम्ही शाळेत होतो तेव्हा होती. साठीचा माणूस साठ वयाच्या शाळेची तारीख सांगतो, तिशीचा तिशीच्या. मेहुणीच्या मुलाने हे सांगितलं तेव्हा अमेरिकेबद्दल मला पहिल्यांदाच आपुलकी वाटली.)

बतावणी शहरात पोचली ती ‘विच्छा माझी पुरी करा’मुळे. वसंत सबनीसांनी ते लिहिलं आणि १९६५ साली दादा कोंडक्यांचा हवालदार त्यातून उभा राहिला. पुस्तकात ते नाटक वाचलं तर अर्ध्या तासात संपतं की काय असं वाटतं. रंगमंचावर ते संपत नसे, कारण दादा सकाळचं वर्तमानपत्र रात्रीच्या प्रयोगात ओतायचे. राजा, प्रधान, कोतवाल ही नावं वगातलीच, पण प्रेक्षकांना राजाच्या अंगावर मंत्र्याची टोपी दिसायची. दीड हजारांवर प्रयोग झाले. कालचा प्रयोग पाहिलेला माणूस आज पुन्हा तिकीट काढायचा, कारण कालचा विनोद कालच गेलेला असायचा. घसाऱ्याचा प्रश्नच नाही. वस्तू रोज नवीच विकत घ्यायची.

आता दुसरं टोक पाहा. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला.’ लक्ष्मण देशपांडे, तेव्हाच्या औरंगाबादच्या विद्यापीठातले नाट्यशास्त्राचे प्राध्यापक. १९७९ साली त्यांनी हा प्रयोग सुरू केला. माणूस एक आणि पात्रं बावन्न! मी कॉलेजात असताना याची जाहिरात पहिल्यांदा वाचली आणि आमच्या अख्ख्या होस्टेलचा गैरसमज झाला. आम्हा वऱ्हाडातल्या पोरांना वाटलं, आपलं वऱ्हाडच लंडनला निघालं! मोठ्या अभिमानाने तिकिटं काढली. आत गेल्यावर कळलं की वऱ्हाड लग्नाचं आहे आणि बोली मराठवाड्याची. आमच्यातला एक घाटाखालचा चिडून उठून निघाला होता. त्याला दाराशी हसू आलं, तो उभ्यानेच तीन तास थांबला.

या प्रयोगात सकाळचं वर्तमानपत्र नाही. शब्दन्‌ शब्द ठरलेला. खेड्यातली माणसं विमानात बसतात, यावर त्यातला मोठा विनोद उभा आहे, आणि १९७९ साली आमच्या भागात विमान म्हणजे मान वर करून पाहण्याची वस्तू होती. आज आमच्या गल्लीतले दोघे लंडनला आहेत आणि त्यांचे आईबाप विमानात डबा नेता येतो का हे मला विचारायला येतात. म्हणजे सरळ रेषेच्या पद्धतीने हा विनोद केव्हाच शून्यावर यायला हवा होता. देशपांडे २००९ साली गेले. पुढे संदीप पाठक तेच वऱ्हाड घेऊन निघाले आणि मी कन्येला घेऊन गेलो. मला भीती होती की ती मोबाइल काढेल. तिने काढला, पण हसण्याचा आवाज मैत्रिणीला ऐकवायला.

“यात काय आवडलं?” मी परत येताना विचारलं.

“ती माणसं घाबरत नाहीत ना कोणाला,” ती म्हणाली. “विमानात पण आपल्याच घरी असल्यासारखी बसतात.”

आमच्या भागात डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या ‘मिर्झा एक्सप्रेस’ला अशीच गर्दी व्हायची. वऱ्हाडी कविता, विनोदी, पण ऐकून उठताना माणूस आपल्या वावराचा विचार करत उठायचा. आबांनी त्यातल्या कविता माझ्या मुलीला तिच्या लहानपणी अंगाईसारख्या म्हणून दाखवल्या आहेत. ती झोपत नसे, हा त्यातला दोष.

तर वहीत एवढं जमा झालं. रोज नवा होणारा विनोद टिकला, अजिबात न बदललेलाही टिकला. ताळेबंद काही जुळेना. आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या विनोदावर ऑडिट आलं.

सांगायला जरा संकोच वाटतो, पण आमच्या शाखेत मीही एक गाजलेला कलावंत आहे. माझा एकच आयटेम, ‘काऊंटरवरचा बाप्पा’. बदली, बढती, निवृत्ती, बँकेचा वर्धापनदिन, काहीही असो, चहा-बिस्किटं झाली की साहेब म्हणतात, “आता तुमचं ते होऊ द्या.” मग मी कमरेत वाकतो, धोतराचा सोगा धरल्यासारखं करतो, नाक ओढतो आणि पीककर्जासाठी आलेला शेतकरी होतो. कारकूनही मीच. कारकून म्हणतो, “बाबा, फोटो लागेल.” बाप्पा म्हणतो, “फोटो कायले साहेब? मी सोता उभा हाव ना!” इथे हशा. कारकून म्हणतो, “सही जुळत नाही.” बाप्पा म्हणतो, “कशी जुळंल? तवा मी पैसे भरत होतो, आता मांगू राह्यलो. हात कापते.” इथे मोठा हशा, कधी टाळ्या. अठरा वर्षांत मी यातला एक शब्द बदललेला नाही. लोकांना पाठ आहे. ते माझ्याआधी हसतात.

या वर्षी एका साहेबांचा निरोपसमारंभ झाला. आयटेम झाला, हशाही ठरल्या जागी झाला. पण नवीन लागलेला मुलगा हसला नाही. अधिकारी म्हणून आलेला, वय चोवीस-पंचवीस, मेहकरकडचा. मी मनात म्हटलं, नवी पिढी, यांना मोबाइलवर तीस सेकंदांचं लागतं. तरी कलावंताला बोचतंच. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय, आवडलं नाही का आमचं?”

तो पोळीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाला, “तसं नाही सर. चांगलं करता. पण माझे बाबा असंच बोलतात.” आणि थोड्या वेळाने : “वाकून नाही बोलत.”

माझा डबा त्या दिवशी तसाच घरी परत आला. हिला वाटलं भाजी खारट झाली.

मला राग आला होता हे कबूल करतो. मी काय शेतकऱ्याचा शत्रू आहे? माझा आजा वावरात गेला, माझे आबा कपाशी वेचून शिकले. आपल्याच माणसाची नक्कल करायला काय परवाना काढायचा? हे सगळं मी मनात त्या मुलाला सुनावत होतो. मनात आपण फार उत्तम बोलतो. शेवटी रात्री आबांसमोर उभा राहिलो. अठरा वर्षांत आबांनी माझा आयटेम पाहिलेला नव्हता. बँकेतल्या गोष्टी बँकेत, म्हणून मी घरी कधी केला नव्हता. निदान स्वतःला मी कारण असं सांगत होतो.

“आबा, एक करून दाखवतो. हसू येऊ राह्यलं का सांगा.” मी चक्क ‘राह्यलं’ म्हणालो. नक्कल करताना मला वऱ्हाडी येते.

केलं. वाकलो, नाक ओढलं, फोटो, सही, सगळं. आबा एकदाही हसले नाहीत, पण लक्ष देऊन पाहत होते, पूर्वी जत्रेत पाहत असतील तसे. संपल्यावर म्हणाले, “फोटोची गोठ चांगली हाय. खरी हाय. मानूस समोर उभा असल्यावर फोटो कायले पाह्यजे?”

“हो ना!”

“मंग येडा कोन? तो का बँकवाला?”

मी गप्प.

“बोलनं शायन्याचं देल्लं अन् सोंग येड्याचं देल्लं तुनं. मावशी लुगडं नेसे, पन तिच्या तोंडाले लुगडं नव्हतं बांधेल. अन् सोंगाड्या राजाचा नोकर राह्ये, बापा. राजानं कधी नोकराची नक्कल केली का फडात?” एवढं बोलून आबांनी टीव्हीचा आवाज वाढवला. तिथे पुन्हा कोणीतरी साडी नेसून आलं होतं. कन्या शेजारी बसली होती, ती माझ्याकडे पाहत होती. मी सुपारी शोधू लागलो.

यानंतर महिन्याभराने आमचे शिपाई मामा निवृत्त झाले. एकतीस वर्षं नोकरी, मॅनेजर किती पाहिले त्याची गणती नाही, शाखेतल्या प्रत्येक कपाटाची किल्ली कुठे असते हे फक्त त्यांना माहीत. मी आठ दिवस नवा आयटेम बसवला. यात बाप्पा ताठ उभा आणि वाकलेला कारकून. रोज रात्री गच्चीवर तालीम. शेजाऱ्यांना वाटलं मी पदोन्नतीच्या मुलाखतीची तयारी करतोय.

समारंभात चहा-बिस्किटं झाली. साहेब म्हणाले, होऊ द्या. मी नवा आयटेम सुरू केला आणि वाचकहो, अठरा वर्षांत झाला नाही असा पडलो. लोक नेहमीच्या जागी हसायला तोंड उघडून बसलेले, आणि ती जागाच येईना. मध्ये मी एक वाक्य विसरलो तेव्हा मात्र बऱ्यापैकी हसले. शेवटी कॅशियरबाई मोठ्याने म्हणाल्या, “अहो, ते जुनंच करा ना!”

मी ‘जुनं करू की नको’ अशा अवस्थेत उभा, तेवढ्यात हार घातलेले मामा खुर्चीतून उठले. “सायेब, मी करू का?”

आणि मामा माझ्या जागेवर येऊन उभे राहिले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. रबरी शिक्का हातात घेतल्यासारखं करून त्यावर ‘हाऽ’ असा श्वास सोडला. मी असं करतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मग समोर नसलेल्या माणसाकडे न पाहता, सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेत, हुबेहूब माझ्या ‘का बरं’च्या मराठीत म्हणाले, “लिंक नाहीये. जेवणानंतर या.” आणि उडी मारून पलीकडे जाऊन, ताठ उभं राहून, आपल्या स्वतःच्या आवाजात : “जेवन कोनाचं साहेब? तुमचं का मायं?”

शाखा कोसळली. साहेबांच्या कपातला चहा बशीत आला. कॅशियरबाईंनी पदर तोंडाला लावला. तो मेहकरचा मुलगा खुर्चीचा हात धरून हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि मध्येच माझ्याकडे पाहून ‘सॉरी सर’ म्हणत पुन्हा हसत होता. मामा थांबेनात. लेजरवर हात ठेवून डुलकी, साहेब आले की पेन उचलणं, हेड ऑफिसच्या फोनवर ‘वऱ्हाडी बोला’ म्हटल्यावर लाचार होऊन बोललेलं वऱ्हाडी. एकतीस वर्षांपैकी माझ्या वाट्याची अठरा त्यांनी एका स्टुलावर बसून गोळा केलेली होती. मी हसत होतो. फोटोत तरी हसताना दिसतोय.

घरी यायला उशीर झाला. आबा जागे होते.

“हासले का लोक?”

“हासले. लय हासले.”

“कोनाले?”

“मले,” मी म्हणालो, आणि हात धुवायला गेलो.